सासूबाईंचं निळं कार्ड

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वाहतुकीच्या खुणा शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागाहून सांगितलं की लोक जरा जास्तच हसतात, आणि हसता हसता ठसका लागला की पाणी मलाच आणून द्यावं लागतं. गावातली निम्मी तरुण मंडळी माझ्या हाताखालून गेली आहेत. रस्त्यात भेटली की अजूनही नकळत सीटबेल्ट चाचपतात. अशा माणसाला एका साध्या पाटीने भरल्या सभागृहात उठून उभं केलं, त्याची ही हकिकत आहे.

सगळ्याचं मूळ आमच्या सासूबाई. नाव पावला, वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र पन्नाशीतच राहिलेला. आमचं गाव स्लोव्हेनियाच्या अगदी काठावर आहे. चार रस्ते ओलांडले की इटली. पलीकडच्या शहराला चांगलं नाव आहे, पण आमच्याकडे ते कुणी घेत नाही. नुसतं 'पलीकडे' म्हणतात. पलीकडे कॉफी प्यायलो, पलीकडून बूट आणले, पलीकडच्या बाईने पलीकडच्या माणसाला सोडलं. पलीकडेही आमची भाषा बोलणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांची एक जुनी गायनमंडळी आहे, आणि सासूबाई त्या मंडळीत वर्षानुवर्षं गायल्या. मग त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, ती नीट झाली नाही, दोन कुबड्या आल्या आणि गाणं बंद पडलं.

दोन वर्षांनी मंडळीच्या मार्ताबाईंचा फोन आला. त्या गाणं बसवतात. "पावला, वर्धापनदिनाचा कार्यक्रम आहे. तुमचं कडवं मी कुणालाही दिलेलं नाही. तुम्ही आलात तर तुम्ही म्हणाल. नाही आलात तर तेवढा वेळ अकॉर्डियन एकटंच वाजेल, जसं दोन वर्षं वाजतंय."

"मी नाही यायची," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. सभागृह जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत. गाड्या तिकडे जाऊ देत नाहीत. सासूबाईंची धाव पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, तीही मधल्या खुर्चीवर एक थांबा घेऊन. विषय संपला. पण दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघराच्या बंद दारामागून ते कडवं ऐकू यायला लागलं. रोज. आमची दारिंका, म्हणजे माझी बायको, दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि तोच टॉवेल डोळ्यांना लावायची.

"काहीतरी कर ना, वोयको," ती मला म्हणाली. "एवढा रस्त्यांतला शहाणा आहेस."

हे तिने म्हणायला नको होतं. माझ्या डोक्यात एकदम निळं कार्ड चमकलं. सासूबाईंना डॉक्टरांनी अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड मिळवून दिलं होतं. ते सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खणात, पुसण्याच्या फडक्यांखाली, पालथं घालून ठेवलं होतं. 'मला काय झालंय? जरा खुबा रुसलाय,' असं त्यांचं मत. हे कार्ड काचेवर ठेवलं की जुन्या शहरात गाडी नेता येते, चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेल्या जागेवर लावता येते, आणि महत्त्वाचं म्हणजे ते युरोपात सगळीकडे सारखं चालतं. आपलं कार्ड तिकडे, तिकडचं इकडे. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते दरवर्षी शिकवतो. परीक्षेत हमखास येतं.

मी खाली कचरा टाकायला गेलो, तिथे त्सिरिल भेटला, आणि मी सहज हे बोलून गेलो. तिथूनच सगळं वाढलं.

त्सिरिल आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. तो सीमेवर कस्टमचा अधिकारी होता. मग युरोप एक झाला, अडसर निघाले, चौकी रिकामी झाली आणि त्सिरिलला निवृत्त करण्यात आलं. त्याच्या मते सरकारने घाई केली. सीमा गेली, पण त्सिरिलमधली सीमा काही गेली नाही. अजूनही कुणी पिशवी घेऊन जिना चढायला लागलं की तो आत काय आहे ते विचारतो.

"चालतं म्हणजे?" तो म्हणाला. "कोण म्हणतं चालतं?"

"कायदा म्हणतो."

"कायदा पलीकडे राहतो का? तो तिथे रस्त्यात उभा राहणार आहे का तुझ्यासाठी? लेखी घे. इकडून एक, तिकडून एक. भाषांतर कर. शिक्का असला तर उत्तम."

तिसऱ्या मजल्यावरच्या नेवेंकाबाईंनी गॅलरीतून खाली वाकून सांगितलं, की त्यांच्या आतेबहिणीची गाडी पलीकडे उचलून नेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की आतेबहिणीकडे कार्डच नव्हतं. "पण नेली ना!" त्या म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, एवढं शिकलेला माणूस कचऱ्याच्या डब्यापाशी ऐकलेल्या सल्ल्याने डळमळला कसा? पण आम्ही सीमेवर वाढलेली माणसं आहोत. आमच्या लहानपणी पलीकडून कॉफी, कपड्यांचा साबण, जीन्सच्या पँटी यायच्या त्या आयांच्या परकरांखालून. सासूबाई एकदा तीन पँटी एकावर एक घालून चौकीतून आल्या होत्या आणि त्यांना त्सिरिलनेच 'वजन वाढलंय, पावला' म्हणून सोडलं होतं. सीमेवर 'काही आहे का?' असं विचारलं की 'काही नाही' म्हणायचं, आणि तिकडच्यांनी 'हो' म्हटलं तर त्यात काहीतरी गोम आहे असं समजायचं, हे आमच्या दुधातूनच आलं आहे.

तेव्हा मी आमच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट पाहिलं.

"चालतं," त्या म्हणाल्या.

"लेखी द्या."

"कार्डावरच लिहिलंय की. इतक्या भाषांमध्ये लिहिलंय."

"ते कार्डाचं म्हणणं झालं. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं आणि कार्डाचं एकमत आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी बाजूला झालो नाही. शेवटी त्यांनी कार्डाच्या मागची बाजू मोठी करून छापून दिली आणि वर गोळी दिल्यासारखं म्हणाल्या, "दिवसातून दोनदा वाचा."

मग पलीकडच्या कचेरीला मेल. माझी इटालियन भाषा टीव्ही आणि बुटांची दुकानं यांतून आलेली. त्यामुळे भाव विचारायला मी कचरत नाही, पण अर्ज म्हणजे वेगळी गोष्ट. तीन संध्याकाळी मी शब्दकोश घेऊन बसलो. सासूबाईंचा खुबा, मंडळीचा इतिहास, माझी नोकरी आणि अपघातमुक्त कारकीर्द, सगळं लिहिलं. दारिंकाने वाचून विचारलं, "हे पत्र आहे की कबुलीजबाब?"

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. गाडीचा नंबर आणि तारीख कळवा, म्हणजे जुन्या शहराच्या तोंडाशी असलेला कॅमेरा तुम्हाला दंड लावणार नाही, इतकंच. मी कळवलं. 'नोंद झाली,' असं उत्तर आलं. मी विचारलं, 'नक्की?' उत्तर आलं, 'नक्की.'

"इतक्या झटपट?" त्सिरिलने डोळे बारीक केले. "मी असतो तर निदान एकदा परत पाठवलं असतं. फोन कर."

मी फोन केला. पलीकडून एका बाईचा दमलेला, पण गोड आवाज आला. माझं नाव ऐकताच तिने सुस्कारा सोडला. म्हणजे मी तिकडे प्रसिद्ध झालो होतो. "साहेब," ती म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचं कार्ड म्हणजे आमचंच कार्ड. त्यांना घेऊन या. शनिवारी जत्रा आहे, गर्दी होईल, जरा लवकर निघा. आणि त्यांना सांगा, मी माझ्या आईला घेऊन ऐकायला येणार आहे."

'नाही' ऐकण्याची एवढी तयारी करून बसलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी आभार मानायचे विसरलो. फोन ठेवल्यावर आठवलं, पण पुन्हा फोन करायला दारिंकाने बंदी घातली.

राहता राहिली जागा. गुरुवारी मी एकटाच पायी पलीकडे जाऊन पाहणी केली. आणि काय सांगू, सभागृहाच्या दाराला जवळजवळ चिकटून, अगदी सासूबाईंसाठीच आखल्यासारखी पिवळ्या रेघांची एक जागा! खांबावर पाटी, पाटीवर चाकाची खुर्ची, आणि खुर्चीखाली एक नंबर. नाटकाच्या थिएटरात खुर्चीला असतो तसा. काय शिस्त आहे लोकांची, असं मला वाटलं. आमच्याकडे जागांना नंबर नसतात. मी पाटीचा फोटो काढून आणला. त्सिरिलने तो मोठा करून पाहिला. "नंबर आहे म्हणजे सरकारी आहे. सरकारी म्हणजे पक्कं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो समाधानी दिसला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवार उजाडला. दाराशीच जागा आहे म्हटल्यावर सासूबाईंनी 'नाही' म्हणणं सोडलं होतं. सासूबाईंनी निळी शाल घेतली. केस सेट केले, ते टोपी घालून मोडले, पुन्हा सेट केले. दारिंकाने रात्रीच पोतिका, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला आमचा गोड पाव, भाजून ठेवली होती, ती ताटासकट मांडीवर घेऊन ती मागे बसली. पुढच्या काचेवर मी व्यवस्थित मांडणी केली: कार्ड, गाडी कधी लावली ते दाखवणारी वेळेची तबकडी, कचेरीची छापील प्रत, मेलची प्रत, तिचं भाषांतर. मला रस्ता दिसायला एक चौकोन उरला. तो पुरेसा होता.

सीमेवरची जुनी चौकी आली. तिथे आता कुणी नसतं. काचा फुटल्यात, आत कबुतरं राहतात. तरी आमच्याकडचा प्रत्येक जण तिथे गाडी हळू करतो. मीही केली. सासूबाई ताठ बसल्या, रिकाम्या खिडकीकडे पाहून मोठ्यांदा म्हणाल्या, "काही नाही." मग आम्ही इटलीत शिरलो.

पहिल्या सिग्नलला पाहतो तर काचेवर कार्ड नाही.

"कार्ड कुठे गेलं?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला.

"आई! पोलक्यात?" दारिंका ओरडली.

"मग काय? सीमा ओलांडताना किमती वस्तू काचेवर मांडून ठेवतात का? जावईबापू, तुम्हाला आईने काही शिकवलं नाही वाटतं."

"सासूबाई, ते दाखवण्यासाठीच असतं हो!"

"चौकीपासून लांब गेल्यावर दाखवू." त्या काही ऐकेनात. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, दारिंका पोतिका सांभाळत पुढे वाकली आणि मायलेकींची झटापट झाली. शेजारच्या गाडीतला गृहस्थ काच खाली करून पाहत राहिला. अखेर कार्ड बाहेर आलं. गरम होतं.

जत्रेने अख्खं शहर भरून गेलं होतं. मैदानात पाळणे, पार्किंगमध्ये पाळणे, जिथे पाळणे नव्हते तिथे पाळण्यात बसायला आलेल्यांच्या गाड्या. पण आमची जागा? आमची जागा रिकामी! मी एका दमात, आरशात एकदाच बघून, वर्गाला दाखवावी अशी गाडी लावली. वरच्या खिडकीतून एक जाडजूड बाई डोकावली.

"अहो! अहो साहेब! नंबर बघा, नंबर!"

"बघितला!" मी वर पाहून ओरडलो. "आमचा नंबरही कचेरीला दिलाय!"

"तो नंबर नाही हो, हा नंबर!"

"कार्ड आहे!" मी ते काचेमागे बोटाने दाखवलं. "युरोप! सगळीकडे चालतं! सगळीकडे!" माझा आवाज चढला होता, हे मान्य. आठवडाभर ज्या वादाची तयारी केली होती तो कुणी घालायलाच तयार नव्हतं, त्यामुळे सगळी तयारी या बाईंच्या वाट्याला आली. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खिडकी बंद केली. मी जिंकलो. सासूबाई कुबड्या टेकत, दारिंकाच्या आधाराने, मोजक्या पावलांत दारातून आत गेल्या. दोन वर्षांनी. आत टाळ्या ऐकू आल्या, आणि कुणीतरी "पावला!" म्हणून हाक मारली. मला अगदी भरून आलं.

आत बसल्यावर शेजारच्या गृहस्थांना मी जागेची गोष्ट सांगितली. "दाराला चिकटून," मी म्हणालो. "अभ्यास असला की सगळं मिळतं. लोक आपले हक्क वापरतच नाहीत."

"आज जत्रा, आणि दाराशी जागा? कमाल आहे," ते म्हणाले.

मंचावर मंडळी उभी होती. सासूबाई पुढे खुर्चीवर, कुबड्या खुर्चीमागे लपवलेल्या. कार्यक्रम सुरू होईना. मार्ताबाई दोनदा आत जाऊन आल्या. शेवटी पुढे येऊन म्हणाल्या, "माफ करा. आमचे अकॉर्डियनवाले ओरेस्ते अजून आले नाहीत. ते नेहमी सगळ्यांच्या आधी येतात, त्यामुळे जरा काळजी आहे. आता आणखी थांबता येणार नाही. अकॉर्डियनशिवाय होतात तेवढी गाणी आपण घेऊ."

सासूबाईंचं कडवं अकॉर्डियनवरच उभं होतं. ते गेलं म्हणजे सगळंच गेलं. सासूबाई शालीचं टोक गुंडाळायला लागल्या. त्या असं करतात तेव्हा दवाखान्यात बसलेल्या असतात. कोण हा बेजबाबदार ओरेस्ते, असा मला संताप आला. लोकांना दिलेल्या वेळेची किंमतच नाही!

तेवढ्यात मागचं दार उघडून एक माणूस आत डोकावला. "राखाडी गाडी, स्लोव्हेनियाचा नंबर. कुणाची?"

मी मंचाकडे बघत राहिलो. राखाडी गाड्या पुष्कळ असतात.

"मागच्या काचेवर ड्रायव्हिंग स्कूलची जाहिरात आहे," तो म्हणाला.

सभागृहात आधी एक जण हसला, मग सगळे. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळले. "दाराला चिकटून?" त्यांनी हळूच विचारलं. दारिंकाने मला कोपराने ढोसलं. मी उठलो. रांगेतल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावरून, प्रत्येकाची माफी मागत, बाहेर पडलो. मंचावरून सासूबाई बघत होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

बाहेर गल्ली पॅक झाली होती. आमच्या गाडीपाशी गाडी उचलून नेणारा ट्रक उभा, त्याचा हुक खाली लोंबकळत होता. एक मिशीवाला पोलिस होता. खिडकीतल्या बाई आता हाताची घडी घालून रस्त्यावर आल्या होत्या. आणि ट्रकच्या मागे एक जुनी छोटी गाडी होती, त्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस आणि शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून बसवलेलं, काळ्या पेटीतलं अकॉर्डियन.

मी खिशातून कागदांच्या जादा प्रती काढल्या. "हे पाहा, साहेब. कार्ड वैध आहे. मी स्वतः शिकवतो..."

"कार्ड चालतं," पोलिस शांतपणे म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? पण हा नंबर पाहिलात?" त्याने पाटीवर बोट ठेवलं. "असा नंबर असला की ती जागा एकाच माणसाची. ज्याच्या कार्डावर हा नंबर, त्याची. दुसऱ्या कुणाचं कसलंही कार्ड असो. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मी खिडकीतून घसा फोडून सांगत होते," बाई म्हणाल्या. "हे मला युरोप शिकवत होते!"

जागा कुणाची होती ते सांगायची गरज राहिली नव्हती. ओरेस्तेंचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. ते याच इमारतीत राहत होते. अकॉर्डियनचा एक सूर चिकटत होता म्हणून दुरुस्तीला नेलं होतं, ते घेऊन परतले तर त्यांच्या जागेवर मी. जत्रेच्या गर्दीत फिरून फिरून दमले. एवढी जड पेटी घेऊन कुबडीवर चालणं शक्य नव्हतं. म्हणून ते आपल्याच दारासमोर, आपल्याच गल्लीत अडकून बसले होते, आणि आत सभागृह त्यांची वाट बघत होतं. माझ्यामुळे. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिथेही बहुधा नंबर असावा.

"मग माझी गाडी उचलली का नाही?" मी विचारलं.

"मीच नको म्हटलं," ओरेस्ते खिडकीतून म्हणाले. आमच्याच भाषेत, इटालियन हेल काढून. "हुक लावणारच होते. मी म्हटलं, थांबा, काचेवर कार्ड आहे. माझ्यासारखंच निळं. नाव मागच्या बाजूला असतं, त्यामुळे कुणाचं ते दिसेना. पण कुणाचं तरी आहे ना? म्हणजे आत कुणीतरी बसलंय, ज्याला चालता येत नाही. गाडी नेली तर तो माणूस घरी जाणार कसा?"

मी तिथेच रस्त्यात उभा राहिलो. आठवडाभर मी दोन देशांच्या कचेऱ्यांकडून जे लिहून मागत फिरत होतो, ते या माणसाने काचेतून एकदा बघून मान्य करून टाकलं होतं. स्वतःची जागा गेलेली असताना. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. "माफ करा," मी म्हणालो. "फार फार आभार तुमचे."

"ते राहू द्या. आत कोण आहे तुमचं?"

"सासूबाई. पावला."

"पावला?" ते इतक्या जोरात ओरडले की ट्रकवाला दचकला. "आमची पावला? ती आली? अहो मास्तर, मग उभे काय राहिलात! दोन वर्षं ते कडवं मी एकटा वाजवतोय! हलवा गाडी!"

मग जे झालं ते बघायला सगळी गल्ली गॅलरीत आली. ट्रक मागे गेला, मी गाडी बाहेर काढली, ओरेस्ते आपल्या जागेत घुसले. पोलिस म्हणाला, "तुमच्या गाडीकडे मी बघतो. तुम्ही पेटी उचला." मी अकॉर्डियन पोटाशी धरून आत नेलं. ते किती जड असतं हे वाजवणारे चेहऱ्यावर दाखवत नाहीत. मागून ओरेस्ते कुबडीवर, त्यांच्यामागे खिडकीतल्या बाई, "जागा द्या, जागा द्या" करत. सभागृह उभं राहिलं. सासूबाईंनी शालीचं टोक सोडून दिलं.

मला मात्र थांबता येत नव्हतं. गाडी रस्त्यात होती. मी बाहेर आलो, कार्ड काचेवरून काढून खिशात घातलं, कारण कार्ड माणसाचं असतं, गाडीचं नसतं, आणि तो माणूस आत होता. हे मी शिकवतो. बाकी काही नाही तरी एवढं पाळायला हवं होतं. आता मी एक साधा, धडधाकट, जागा नसलेला माणूस होतो. कुठेही जागा नव्हती. जत्रेला वळसा घालून एकेरी रस्ता पुन्हा त्याच गल्लीत यायचा. मी फिरत राहिलो.

पहिल्या फेरीला टाळ्या ऐकू आल्या. दुसऱ्या फेरीला काहीच नाही, मध्ये घंटागाडी होती. आत गर्दीने उकडलं असावं, कारण तिसऱ्यांदा आलो तेव्हा सभागृहाच्या खिडक्या उघडल्या होत्या आणि अकॉर्डियन वाजत होतं. मी ओळखलं. न्हाणीघराच्या दारामागून जे रोज ऐकलं होतं, त्याच्या आधीची सुरावट. मी काच खाली केली. अकॉर्डियन थोडं थांबलं, आणि सासूबाई गायला लागल्या.

मी गाडी थांबवली. गल्लीच्या बरोबर मध्यभागी, जिथे थांबू नका असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी पाहिलं, तर मिशीवाला पोलिस रस्त्यात आला होता. आता हा मला पावती देणार, आणि दिलीच पाहिजे. पण तो माझ्याकडे आला नाही. मागच्या गाड्यांसमोर जाऊन त्याने हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. कडवं संपेपर्यंत तो तसाच हात वर करून उभा होता.

कार्यक्रमानंतर त्याने मला दाराशी गाडी लावू दिली. सासूबाई आल्या, गाल लाल, टोपी तिरकी. कचेरीतल्या फोनवरच्या बाई आपल्या आईला घेऊन आल्या होत्या, त्यांनी सासूबाईंचे हात हातात घेतले. मी त्यांचे राहिलेले आभार तिथे मानले, पोलिसाचे मानले, ओरेस्तेंचे पुन्हा मानले. पोतिका गल्लीतच कापली. ट्रकवाला दोन तुकडे घेऊन गेला.

"तुमचे जावई भारी हट्टी हो," खिडकीतल्या बाई सासूबाईंना म्हणाल्या.

"आहेतच," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर मी इथे कुठली यायला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली. असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी आरसा सारखा करत बसलो.

आम्ही परत निघालो. मग सासूबाईंनी विचारलं, "तुमची खुर्ची तर रिकामी होती. ऐकलंत कुठून?"

"रस्त्यात उभा राहून."

"उभं राहू दिलं?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांनीच हो म्हटलं."

चौकी आली. मी सवयीने गाडी हळू केली. सासूबाईंनी हात पुढे केला, माझ्या खिशातून कार्ड काढलं आणि काचेवर ठेवलं, सरळ, दिसेल असं. मग खिडकी खाली करून त्यांनी कबुतरांच्या चौकीकडे पाहिलं.

"आहे!" त्या ओरडून म्हणाल्या. "आज आहे!"